वाकायचं कोणी?

नागपूरच्या रामदासपेठेतल्या घरांना परदेशातल्या रीतिभाती शिकवायची गरज नाही. जपानात घरात शिरताना जोडे बाहेर काढायचे, थायलंडमध्ये कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, दुबईत रमजानच्या दिवसांत भर दुपारी रस्त्यावर खात फिरायचं नाही, हे इथल्या दहावीतल्या पोरालाही पाठ असतं. तिकिटं हातात आली की घरात त्याची उजळणी होते. होऊ दे, चांगलंच आहे. दुसऱ्याच्या गावी गेलं की त्याची रीत सांभाळावी. मला बोलायचं आहे ते दुसरा आपल्या गावी येतो तेव्हाचं.

आणि रामदासपेठेत तो रोज येतो. लोकमत चौकातून आत वळा, सेंट्रल बाजार रोड धरा आणि काचीपुऱ्यापर्यंत पाट्या वाचत जा. हृदय, मेंदू, हाडं, किडनी, बाळंतपण, कॅन्सर. मग बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर वाचा. एमएच ३३ म्हणजे गडचिरोली, एमएच ३४ चंद्रपूर, एमपी ५० बालाघाट, एमपी २८ छिंदवाडा, सीजी ०८ राजनांदगाव, टीएस ०१ आदिलाबाद. चार राज्यांतली माणसं आपलं दुखणं घेऊन या दोन-तीन रस्त्यांवर येतात. त्यांतले कितीतरी जण गोंड, माडिया, कोलाम, हलबी, कोरकू. कुणी शेत गहाण टाकून आलेलं, कुणी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद पिशवीत घेऊन. जगातल्या संस्कृतींचा आदर वगैरे आपण ज्याला म्हणतो, त्याची परीक्षा रामदासपेठेत विमानतळावर होत नाही, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर होते. त्या परीक्षेत आपण नापास आहोत.

याच पेठेतली आजी मुलाकडे मेलबर्नला जाते आणि तिथे तिचा गुडघा धरतो, तेव्हा काय होतं ते इथल्या पुष्कळ घरांना ठाऊक आहे. तिथला डॉक्टर फोन उचलतो, मराठी नाही तर हिंदी बोलणारा दुभाषी जोडून घेतो आणि आजीचं म्हणणं तिच्या तोंडून ऐकतो. ऑस्ट्रेलियात टेलिफोनवरच्या दुभाष्यांची सोय १९७३ सालापासून आहे. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळाला भाषा येत नाही म्हणून रुग्णाला वाऱ्यावर सोडता येत नाही. त्याच्या मुळाशी १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे. आजी परत आली की महिनाभर कौतुक सांगते. जेवण शाकाहारी दिलं, गळ्यातलं काढण्याआधी परवानगी विचारली, सुनेला रात्री जवळ राहू दिलं. ते कौतुक खरं आहे. पण त्याच आजीचा दुसरा मुलगा, किंवा भाचा, किंवा जावई इथे रामदासपेठेत दवाखाना चालवतो. त्याच्या दवाखान्यात गडचिरोलीच्या आजीला यातलं काय मिळतं?

मी पाहिलेलं सांगतो. एका नातेवाइकासाठी इथल्याच एका दवाखान्यात बसलो होतो. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण गोष्ट एका दवाखान्याची नाही. पलीकडच्या खाटेवर भामरागडकडची एक बाई होती, पन्नाशी उलटलेली, पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी आलेली. कपाळावर, हातांवर गोंदण. गळ्यात मण्यांच्या माळा, एकीवर एक. खाली ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, तयारी झाली होती. सिस्टर घाईघाईने आली आणि म्हणाली, "माय, हे काढ, चल लवकर." बाईला कळलं नाही. तिने माळांवर हात ठेवला. "काऊन ऐकून नाही राहिली? काढ ना माय." बाईने हात आणखी घट्ट धरला. थोडीफार हिंदी येणारा तिचा मुलगा खाली योजनेच्या काउंटरवर अडकला होता. वर एकाच नातेवाइकाचा पास, आणि तो तिच्या नवऱ्याजवळ. तो म्हातारा भिंतीला टेकून उभा. सिस्टरने कात्री घेतली आणि माळा कापल्या. काही मणी ट्रेमध्ये पडले, काही खाटेखाली घरंगळत गेले. बाई काही बोलली नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं.

त्याच खोलीत, त्याच दिवशी, आमच्या बाजूच्या काकूंना ओटीत न्यायचं होतं. तीच सिस्टर. "काकू, मंगळसूत्र काढावं लागेल बरं. काकांच्या हातात देते, बाहेर आल्याबरोबर घालून घ्या." काकूंनी ते काढलं, डोळ्यांना लावलं, काकांच्या हातात दिलं. सिस्टर तोवर थांबली. अर्धं मिनिट लागलं असेल.

नियम बरोबरच होता. ऑपरेशनात विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवतात, अंगावर धातू असला तर तिथे भाजू शकतं. दोघींच्या अंगावरचं उतरवणं भागच होतं. सिस्टरही दुष्ट नव्हती. दिवसभर ती धावत होती आणि आमच्या माणसाची काळजी तिने पोटच्या पोरीसारखी घेतली. फरक इतकाच की मंगळसूत्र म्हणजे काय ते तिला माहीत होतं. त्या माळा म्हणजे काय, कुणी दिल्या, कधी घालतात, कधी उतरवतात, हे तिला माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून घेणं हे कुणाचं काम आहे असं त्या दवाखान्यात कुणालाच वाटत नव्हतं. काकूंसाठी अर्धं मिनिट निघालं. माडिया बाईसाठी निघालं नाही.

साठीच्या काकूंना 'तुम्ही', साठीच्या गोंड बाईला 'तू', हे तर आता कुणाला खटकतही नाही. नागपुरी बोलीत 'माय, तू' हे मायेनेही म्हणतात, ते मला ठाऊक आहे. पण ही माया नेमकी कुणाच्या वाट्याला येते आणि कुणाच्या नाही, ते एकदा कान देऊन ऐका.

दवाखान्यांत एक शब्द चालतो: डामा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्ण निघून गेला की फाइलवर हा शेरा पडतो. कागदावर शेरा, आणि तोंडी त्याचं कारण ठरलेलं: "हे लोक असेच. अर्ध्यातून पळतात." पळतात का, ते कुणी विचारतं? गावाकडे पेरणी असेल. घरातलं कुणी गेलं असेल. रक्त काढलं तेव्हा ते कशाला काढलं हे कुणी सांगितलं नसेल, आणि रोज रक्त काढणारी माणसं पाहून म्हातारा घाबरला असेल. सिकलसेलच्या वेदनेने कळवळणाऱ्या पोराला तिसऱ्यांदा आणलं आणि तिसऱ्यांदाही तेच ऐकलं, तर बापाचा विश्वास उडाला असेल. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ साली सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या एका लेखातून रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न डॉक्टरांच्या हाती दिले. तुला काय वाटतं, हे कशानं झालं? आत्ताच का झालं? या दुखण्याची सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? आज जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हे प्रश्न शिकवतात. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लागतो तो समोरच्याच्या भाषेत बोलणारा माणूस, आणि उत्तर ऐकायची तयारी.

कुणी म्हणेल, हे अमेरिकेचे लाड, आपल्याकडे कुठले. आपल्याकडचेच घ्या. नागपूरच्या मेडिकलमधून शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टर जोडप्यानेच हे करून दाखवलं आहे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' उभी केली. पुढे दवाखाना बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी आदिवासींनाच विचारलं: तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं सरळ आली. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. आमची भाषा कुणाला कळत नाही. डॉक्टर, नर्स पांढऱ्या कपड्यांत फिरतात. आम्ही मढं पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो. नातेवाइकांना बाहेर काढता. आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे?

ही उत्तरं ऐकून 'अंधश्रद्धा' म्हणत वही मिटून ठेवता आली असती. बंगांनी दवाखानाच बदलला. 'सर्च'च्या शोधग्रामात झोपड्यांसारखी बैठी घरं उभी राहिली, रुग्णाजवळ नातेवाइकांना राहायची सोय झाली, दाराशी देवी बसली आणि दवाखान्याला त्या देवीचं, दंतेश्वरीचं, नाव मिळालं. याने विज्ञान पातळ झालं का? याच संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, बालमृत्यू खाली आणले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे आकडे छापून आले. पुढे देशाने आशाताईंच्या कामात ती पद्धत घेतली. शास्त्र आणि देवी एका अंगणात नांदतात, आणि बाळं वाचतात.

हेमलकशाचं तर घराघरात ठाऊक आहे. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि नागपूरच्याच मेडिकलचे प्रकाश आमटे, मंदाकिनी आमटे तिथे जाऊन राहिले. आधी माडिया शिकले, मग औषध दिलं. समोरच्याच्या अंगावर कपडा नाही आणि आपण इस्त्रीत उभे, हे प्रकाश आमट्यांना सोसलं नाही, म्हणून त्यांनी पूर्ण कपडे घालायचं सोडलं. तोच काळ. ऑस्ट्रेलियाने फोनवर दुभाषी बसवले आणि इकडे नागपुरात शिकलेल्या दोन डॉक्टरांनी स्वतःलाच दुभाषी केलं. त्यांच्यावरचा सिनेमा बघून रामदासपेठ रडली, बाहेर आली, गाडीत बसली. दवाखान्यातली रीत होती तशीच आहे.

आमट्यांसारखं जंगलात जा, असं मी कुणाला म्हणत नाही. सगळ्यांनी जायचंही नसतं. मेंदूवरची शस्त्रक्रिया करणारा माणूस नागपुरातच हवा. माझं म्हणणं फार छोटं आहे. दोन रीती समोरासमोर आल्या की वाकायचं कोणी? ज्याच्या हातात खोलीची किल्ली आहे, घड्याळ आहे, कात्री आहे, त्याने. तीनशेहून जास्त किलोमीटर एसटीने आणि रुग्णवाहिकेने आलेल्या, भाषा न येणाऱ्या, दुखणाऱ्या बाईने आणखी किती वाकायचं?

वाकलं नाही तर काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावाने भोगलं आहे. लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या म्हाँग जमातीच्या घरात १९८२ साली लिया ली नावाची मुलगी जन्मली. तिला मिरगी होती. आईबापांच्या समजुतीप्रमाणे दार धाडकन आपटल्यामुळे पोरीचा जीव घाबरून अंगातून निघून गेला होता. डॉक्टर हुशार होते, कष्टाळू होते, औषधावर औषध बदलून देत होते. आईबापांना बाटलीवरची चिठ्ठी वाचता येत नव्हती. औषध नीट दिलं नाही म्हणून पोरीला काही काळ त्यांच्यापासून काढून दुसऱ्या घरी ठेवलं. १९८६ मध्ये झटका आला आणि तिचा मेंदू गेला. त्याच अवस्थेत ती २०१२ पर्यंत जगली. ॲन फॅडिमन यांनी १९९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकेतली वैद्यकीय महाविद्यालयं ते विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. त्याच मर्सेडच्या इस्पितळाने पुढे रीतसर नियम केला: म्हाँग भगत इस्पितळात येऊ शकतो, हळू आवाजात मंत्र म्हणू शकतो, ठरवून दिलेले विधी खाटेशेजारी करू शकतो. सलाईन चालूच राहतं. रुग्ण शांत होतो, घरचे ऐकू लागतात, औषध वेळेवर पोटात जातं.

आता अवघड भागाकडे येतो, कारण इथे टाळाटाळ केली तर वर लिहिलेलं सगळं फुकट.

दुसऱ्याची रीत म्हणून सगळंच चालवून घ्यायचं का? नाही. मेळघाटात आजारी तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देतात. डंबा म्हणतात त्याला. त्या बाळाला कुणी विचारलेलं नसतं. ते थांबलंच पाहिजे, आणि तिथे संस्कृतीचा दाखला देणाऱ्याशी मी वाद घालीन. पण थांबवायचं कसं, तिथेही तोच प्रश्न येतो. भूमकाला, म्हणजे गावातल्या वैदूला, शिव्या घालून डंबा थांबत नाही. भूमकाला जवळ बसवून, "पोर तापलं की आधी आमच्याकडे धाड" असं त्याच्याशी ठरवून थांबण्याची शक्यता असते, आणि मेळघाटात काम करणाऱ्यांनी तो मार्ग धरला आहे.

गडचिरोलीतल्या कुर्माघरांचंही तसंच. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या मोडक्या खोपटात राहायचं. तिथे साप निघतात, पावसात छप्पर गळतं, बायका दगावल्या आहेत. एका संस्थेने तिथे पक्की घरं बांधून दिली, संडास, पाणी, वीज दिली, तर त्यावरही वाद झाला: यामुळे प्रथा आणखी पक्की होईल की बाई आज रात्री जिवंत राहील? मी आज रात्रीच्या बाजूने आहे, आणि प्रथा जावी याही बाजूने आहे. दोन्हींचा शेवटचा शब्द त्या बायकांचा. मात्र कुर्माघराचा फोटो पाहून "बापरे, काय हे मागास लोक" म्हणणाऱ्या रामदासपेठेने आपल्या फ्लॅटमध्ये एक चक्कर मारावी. देवघराच्या दारात चार दिवस कोण थांबतं? मंगळागौरीला कुणाला कोपऱ्यात बसवतात? गोळी खाऊन पाळी पुढे ढकलायला डॉक्टरकडे कोण येतं आणि का? आपल्या कुर्माघराला भिंती नाहीत एवढंच.

माझी कसोटी साधी आहे. रीत ज्याच्या अंगावर पडते त्याचं म्हणणं काय? माळा त्या बाईच्या होत्या, ऑपरेशन तिचं होतं, तिला विचारायला हवं होतं. बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने उभं राहायला हवं.

डॉक्टर मंडळींची हरकत मला माहीत आहे. वेळ नाही, माणसं नाहीत, योजनेचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत. वेळेचं खरं आहे, पैशाचंही खरं आहे. पण ही मेहरबानीची बाब उरलेलीच नाही. 'समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच स्पष्ट केलं की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. इंग्रजीत छापलेल्या कागदावर माडिया बाईचा अंगठा उमटवला की ती संमती झाली, असं कुठल्या डॉक्टरला मनापासून वाटतं? महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी दवाखान्यांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. लावली असेल. कुणाला वाचता यावी म्हणून लावली?

आणि हे शहर कुणाचं, हेही एकदा आठवावं. १७०२ च्या सुमारास देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, नागपूर वसवलं. भोसले मागाहून आले, इंग्रज त्यांच्या मागाहून, आणि रामदासपेठ तर अगदी अलीकडची. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे देशात एकोणतीस लाखांवर आहेत. ज्या शहराचा पाया गोंड राजाने घातला, तिथल्या दवाखान्यात गोंडीतली एक ओळ भिंतीवर नाही. पाणी कुठे, संडास कुठे, तुमचा माणूस कुठल्या मजल्यावर. एवढंच लिहायचं आहे, तेही देवनागरीत लिहिलं तर शिकलेल्या पोराला वाचता येईल.

दुभाषी कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांनी आपल्याच हजेरीपटावर नजर टाकावी. रामदासपेठेच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या पोरी आणि मावशा गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याहून आलेल्या आहेत. नर्सिंग शिकून एटापल्लीहून, अहेरीहून आलेली एखादी तरी त्यांत निघेल, जिच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलतात आणि जी इथे ते कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर "जंगलातून आली" म्हणतील. उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये विचारा, कुणाला गोंडी येते, कुणाला माडिया, कुणाला कोरकू, कुणाला तेलुगू. हात वर होतील. त्यांची नावं आणि मोबाइल नंबर प्रत्येक मजल्यावर सिस्टरच्या टेबलाशी लावा. ओटीत नेण्याआधी, संमतीवर अंगठा घेण्याआधी, घरी सोडताना गोळ्या समजावून सांगताना, त्यांतलं कुणीतरी तिथे हजर हवं. माळ उतरवायची तर ती उतरवून कुणाच्या हातात द्यायची, तेही तीच विचारील. आणि हे काम तिच्या रोजच्या ड्युटीवर फुकट लादू नका. पगारपत्रकात त्याचा वेगळा भत्ता दाखवा.